सी-पॅप लावला की हृदय वाचतं का?

घोरण्याची तक्रार घेऊन माणूस सहसा आपणहून दवाखान्यात जात नाही, त्याला बायको घेऊन जाते. "अहो डॉक्टर, यांचा श्वासच थांबतो मधेच. मी हलवते तेव्हा परत सुरू होतो." तो शेजारी बसून कसनुसं हसत असतो, कारण त्याच्या मते त्याला पडल्या पडल्या झोप लागते, म्हणजे सगळं उत्तम चाललंय. मग स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, होते, रिपोर्टवर 'सिव्हियर स्लीप ॲप्निया', म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा तीव्र आजार, असं येतं, डॉक्टर सी-पॅप नावाचं, मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन सुचवतात. तीस-चाळीस हजारांपासून पुढचा आकडा कानावर पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे लावलं तर अटॅक टळेल ना?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मशीन विकणारे सांगतात तेवढं सरळ नाही, आणि 'सी-पॅपचा हृदयाला काही उपयोग नाही' असे जे मथळे २०१६ नंतर अधूनमधून छापून आले, तेवढं वाईटही नाही. हे उत्तर नीट कळायचं तर आधी रात्री शरीरात काय घडतं ते पाहायला हवं.

घशाच्या मागच्या भागाला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नसतो. जागेपणी तिथले स्नायू ही वाट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात. ज्यांची मान जाड, जीभ मोठी किंवा जबडा मागे सरकलेला, त्यांच्यात ही वाट आधीच अरुंद असते. कागदी नळीने दाट लस्सी जोरात ओढली की नळी आतल्या आत चपटी होते, तसंच इथे होतं: श्वास आत ओढण्याचा जोरच वाट बंद करतो. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. असा श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. अर्धवट अडला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला तर हायपॉप्निया. तासाला असे प्रसंग किती, तो आकडा म्हणजे रिपोर्टवरचा एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले आणि त्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगताना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे घशाची वाट अडून होणाऱ्या याच आजाराचं, नाव घेतलं, तेव्हा हा शब्द घराघरांत पोचला. सोबत एक भीतीही पोचली, की झोपेत गुदमरून माणूस जातो. सहसा तसं होत नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू खडबडून जागा होतो, स्नायू ताठ होतात, एक मोठा घुरका येतो आणि श्वास सुरू होतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, सकाळी ती आठवतसुद्धा नाही. शरीराचं नुकसान होतं ते या सुटकेच्या पद्धतीमुळे, आणि ते वर्षानुवर्षं साठत जातं.

दर वेळी तीन गोष्टी एकदम घडतात. ऑक्सिजन उतरतो आणि पुन्हा चढतो. या वर-खाली होण्याने रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते आणि शरीरात दाह वाढतो. दुसरं, मेंदू जागा होताना संकटात सोडतो तसे ॲड्रेनलिनच्या जातीचे स्राव सोडतो. नाडी उसळते, बीपी चढतं. तिसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही: बंद वाटेतून हवा ओढायची धडपड चालू असते तेव्हा छातीच्या पोकळीतला दाब खूप खाली जातो. त्यामुळे हृदयाच्या पातळ भिंतींच्या वरच्या कप्प्यांवर, म्हणजे एट्रियांवर, ताण येतो आणि ते हळूहळू मोठे होत जातात. ताणले गेलेले कप्पे एक संप्रेरक सोडतात, त्याने लघवी जास्त तयार होते. रात्री तीन-तीनदा उठणारे कित्येक लोक वर्षभर शुगर आणि प्रोस्टेट तपासत बसतात, त्यांतल्या काहींचं मूळ घशात असतं.

निरोगी माणसाचं बीपी रात्री दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतं. हृदयाची आणि धमन्यांची विश्रांतीची वेळ तीच. ॲप्नियाच्या रुग्णात हा उतार अनेकदा दिसत नाही, काहींचं बीपी रात्री उलट चढतं. दवाखान्यात सकाळी अकरा वाजता मोजलेल्या बीपीत यातलं काही सापडत नाही, ते दंडावर पट्टा बांधून २४ तास घेतलेल्या मापात सापडतं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये अचानक हृदय बंद पडून गेलेल्या अशा लोकांच्या नोंदी पाहिल्या, ज्यांची आधी स्लीप स्टडी झालेली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मृत्यू मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात झाले होते. ॲप्निया नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. इतरांच्या हृदयाला धोका जास्त असतो तो सकाळी उठल्यानंतरच्या तासांत. ॲप्निया घड्याळच फिरवतो.

तेव्हा आजाराचा हृदयाशी संबंध आहे का, हा वाद नाही. बीपी, हृदयविकार, हार्ट फेल्युअर, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) किंवा लकवा झालेल्यांत ४० ते ८० टक्के लोकांना ॲप्निया असतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ च्या निवेदनात म्हटलं आहे. वाद पुढचा आहे. आजार बरा केला, निदान रोज रात्री थांबवला, तर हृदयाचं नशीब बदलतं का?

मशीन काय करतं

१९८० पर्यंत तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी बसवणं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी त्या वर्षी एक साधी कल्पना वापरून पाहिली. नाकावर मास्क बसवायचा आणि त्यातून मंद पण सतत दाबाने खोलीतली हवा आत सोडायची, म्हणजे घशाची वाट आतून उघडी राहील. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. पाच रुग्णांवरचे निष्कर्ष १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आजचं सी-पॅप डब्याएवढं आणि जवळजवळ बिनआवाजाचं झालं, पण तत्त्व तेच. अनेकांना वाटतं की यातून ऑक्सिजन येतो. येत नाही. खोलीतलीच हवा, फक्त दाबाने.

पहिल्या रात्रीच घोरणं थांबतं, ऑक्सिजन सपाट रेषेत येतो, दिवसाची पेंग बऱ्याच जणांची काही दिवसांत उतरते. पण मशीन काढलं की आजार परत हजर. झुरिकमधल्या डॉक्टरांनी नियमित सी-पॅप वापरणाऱ्या ४१ जणांना घेऊन, त्यांतल्या निम्म्यांचा सी-पॅपचा उपचार दोन आठवडे थांबवला. सकाळचं वरचं बीपी सरासरी साडेआठ मि.मी.ने आणि नाडी मिनिटाला सहा ठोक्यांनी चढली. याचा व्यवहारी अर्थ असा, की सी-पॅप हा कोर्स नाही. चष्मा कोणी 'सहा महिने लावा, मग बघू' म्हणून देत नाही, तसं हेही.

बीपीवरचा परिणाम हा सगळ्यांत भक्कम पुरावा. अनेक चाचण्या एकत्र केल्या की सी-पॅपने वरचं बीपी सरासरी दोन-अडीच मि.मी.ने उतरतं. हा आकडा ऐकून लोकांचा चेहरा पडतो. एक साधी गोळीसुद्धा याहून जास्त उतरवते. म्हणून बीपीची गोळी बंद करून कोणी मशीनवर विसंबू नये. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत ज्यांचं बीपी मुळात नॉर्मल होतं तेही धरलेले आहेत. तीन-तीन गोळ्या, त्यांत एक लघवी वाढवणारी, घेऊनही ज्यांचं बीपी हलत नाही अशा १९४ जणांवर स्पेनमध्ये चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत २४ तासांचं सरासरी बीपी तीन मि.मी.च्या आसपास जास्त उतरलं, आणि रात्रीचा तो हरवलेला उतार ३६ टक्के लोकांत दिसला, मशीन न लावलेल्यांत २२ टक्के. जितके तास मशीन लावलं, तितका फरक जास्त. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच कामाला येणार आहे.

मला विचाराल तर, हाताबाहेर गेलेल्या बीपीसाठी चौथी गोळी लिहिण्याआधी "घोरता का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि तो रुग्णाला नाही, त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला विचारावा.

सारागोसाचा आशावाद, ऑस्ट्रेलियाची निराशा

आता मूळ प्रश्न: अटॅक, लकवा, मृत्यू. २००५ मध्ये स्पेनच्या सारागोसा शहरातून एक मोठा अभ्यास आला. सुमारे दहा वर्षं पुरुषांचा मागोवा घेतला होता. तीव्र ॲप्निया असून उपचार न घेतलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि जीव न घेणारे झटके, दोन्ही निरोगी माणसांच्या तिप्पट-चौपट. ज्यांनी सी-पॅप घेतला ते मात्र जवळपास निरोगी माणसांच्या पातळीवर. यापेक्षा स्पष्ट चित्र काय हवं? पुढची दहा वर्षं अनेक डॉक्टरांनी याच भरवशावर मशीन लिहिलं.

यात एक मेख होती. उपचार न घेतलेले लोक म्हणजे बहुतेक करून ज्यांनी मशीन नाकारलं ते. मशीन रोज लावणारा माणूस बीपीची गोळीही चुकवत नाही, सिगरेट सोडतो, फॉलो-अपला वेळेवर जातो. नाकारणारा माणूस बऱ्याचदा बाकीच्या गोष्टीही नाकारतो. मग फरक मशीनचा की स्वभावाचा? हे उलगडायला एकच मार्ग आहे: कोणाला मशीन द्यायचं ते माणसाने किंवा डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं.

तसं केलं 'सेव्ह' नावाच्या चाचणीने. ऑस्ट्रेलियातून तिचा कारभार चालला, आणि भारतासह सात देशांत रुग्ण घेतले गेले. वय ४५ ते ७५, आधीच हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेला, ॲप्निया मध्यम ते तीव्र, असे २७१७ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक सी-पॅप. सरासरी ३.७ वर्षं थांबून मोजलं. २०१६ मध्ये निकाल आला: मशीनच्या गटात १७ टक्के लोकांना झटका, लकवा, मृत्यू किंवा तत्सम काहीतरी झालं, दुसऱ्या गटात १५.४ टक्के. म्हणजे फायदा शून्य, आणि दोन आकड्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा म्हणावा एवढाच. स्पेन आणि स्वीडनमधल्या आणखी दोन चाचण्यांनीही एकंदरीत तेच सांगितलं.

मथळे इथेच थांबले. पण 'सेव्ह'च्या अहवालातला एक आकडा या निकालाइतकाच महत्त्वाचा आहे: मशीन दिलेल्यांनी ते रात्रीला सरासरी ३.३ तास लावलं. स्पेनच्या चाचणीत तर तीन तासही भरले नाहीत.

तीन तासांत काय राहून जातं ते पाहा. माणूस साडेदहाला मास्क लावून झोपतो. दोनच्या सुमाराला लघवीला उठतो, मास्क काढून ठेवतो, परत येऊन तसाच आडवा होतो. उरलेली रात्र मशीन उशाला आणि घसा बंद. स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि त्याच झोपेत स्नायू सगळ्यांत सैल पडतात, श्वास सगळ्यांत जास्त वेळ अडकतो, ऑक्सिजन सगळ्यांत खोल उतरतो. म्हणजे उपचार झाला तो सोप्या भागाचा. अवघड भाग दर रात्री बिनउपचाराचा गेला. बीपीची गोळी आठवड्यातून तीन दिवस देऊन 'गोळी निकामी' असा निष्कर्ष कोणी काढला तर आपण हसू.

दुसरं कारण मला त्याहून मोलाचं वाटतं, कारण ते चाचण्यांच्या रचनेतच दडलंय. दिवसा गाडी चालवताना पेंगणाऱ्या माणसाला 'तुम्ही चार वर्षं बिनमशीनचे राहा' असं सांगणं नीतीला धरून नाही. म्हणून ज्यांना दिवसा फार झोप येते त्यांना या चाचण्यांतून वगळलं. ज्यांचा ऑक्सिजन रात्री अतिशय खाली जातो अशांनाही 'सेव्ह'मध्ये घेतलं नाही. म्हणजे ज्यांच्यात आजार सर्वांत जास्त बोलतो, तेच लोक चाचणीच्या दाराबाहेर राहिले. आत आले ते तुलनेने शांत आजाराचे, आणि मशीन लावायची फारशी गरज न वाटणारे. मग ते तीनच तास लावणार हे ओघानेच आलं.

शिवाय हे सगळे आधीच ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध), बीपीच्या गोळ्यांवर होते. त्यांच्या धमन्यांत वीस-तीस वर्षांचं काम झालेलं होतं. साठीला लावलेलं मशीन चाळिशीपासून साचलेलं परत नेत नाही. चाळिशीत निदान झालेल्या आणि हृदय अजून शाबूत असलेल्या माणसाला सी-पॅपचा किती फायदा होईल, याचं उत्तर या तीन चाचण्यांकडे मागून उपयोग नाही, कारण तो माणूस त्यांत नव्हताच. बायका तर फारच थोड्या होत्या. बायकांमध्ये हा आजार रजोनिवृत्तीनंतर वाढतो आणि अनेकदा घोरण्याऐवजी थकवा, झोपमोड, सकाळची डोकेदुखी असा वेष घेऊन येतो, त्यामुळे त्यांचं निदानही राहून जातं.

२०२३ मध्ये या तिन्ही चाचण्यांतल्या ४१८६ लोकांची एकेकाची माहिती एकत्र मांडली गेली. ज्याला मशीन दिलं आणि ज्याला नाही, एवढीच तुलना केली तर फरक नाही. पण प्रत्यक्ष वापर विचारात घेऊन मोजलं, तर रोज चार तास किंवा जास्त लावणाऱ्यांत पुन्हा झटका किंवा लकवा येण्याची जोखीम सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसली. इथे पुन्हा ती स्वभावाची मेख येते हे खरं. नियमित माणूस सगळ्यातच नियमित असतो, आणि हिशेबात कितीही दुरुस्त्या केल्या तरी ती पुरती जात नाही. तरीही बीपीच्या चाचण्यांत तासांबरोबर फायदा वाढताना दिसतो, मशीन बंद केलं की बीपी उसळताना दिसतं, आणि इथेही दिशा तीच. मी या बाजूने झुकतो.

कोणाला जास्त फायदा

संशोधकांचं लक्ष आता एएचआयवरून हटत चाललंय. एका माणसात तासाला तीस वेळा श्वास अडला, पण ऑक्सिजन ९४ टक्क्यांवरून ९० वर आला, एवढंच. आणि दुसऱ्यात तासाला वीसच वेळा, पण दर वेळी सत्तरीपर्यंत. एएचआयच्या मते पहिला जास्त आजारी. हृदयाच्या मते दुसरा. म्हणून प्रत्येक प्रसंगात ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ उतरला याचा एकूण भार मोजतात, आणि श्वास सुटताना नाडी किती उसळते तेही पाहतात. जुन्या चाचण्यांची माहिती या नजरेने पुन्हा तपासली तेव्हा असं दिसलं, की नाडी जोरात उसळणाऱ्यांत आणि ऑक्सिजनचा भार मोठा असणाऱ्यांत सी-पॅपने हृदयाला फायदा होतो. बाकीच्यांत तो दिसत नाही. हे अजून रोजच्या दवाखान्यात पोचलेलं नाही. पण स्लीप स्टडीचा रिपोर्ट हातात आला की एएचआयखालच्या ओळीही वाचा: ऑक्सिजन सर्वांत कमी किती, आणि ९० च्या खाली किती मिनिटं. डॉक्टरांना त्याबद्दल मुद्दाम विचारा.

उलट बाजूही सांगायला हवी. एएचआय आठ, दिवसा पेंग नाही, बीपी नॉर्मल. अशा माणसाला 'हृदयासाठी' म्हणून मशीन विकलं जात असेल तर त्यामागे पुरावा नाही.

एट्रियल फिब्रिलेशनचं प्रकरण अर्धवट आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, शॉक देऊन ठोके सुरळीत केल्यानंतर वर्षभरात बिनउपचाराच्या ॲप्नियावाल्यांपैकी ८२ टक्के लोकांचे ठोके पुन्हा बिघडले, उपचार घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के. पण चिठ्ठी टाकून केलेल्या छोट्या चाचण्यांत तो फरक दिसला नाही. हृदयाचे डॉक्टर अशा रुग्णाची ॲप्नियासाठी तपासणी करून घेतात, ते योग्यच आहे.

एका ठिकाणी मात्र खरा धोका आहे. ॲप्नियाचा दुसरा प्रकार असतो, सेंट्रल. त्यात घसा उघडाच असतो, मेंदूच श्वासाचा आदेश काही क्षण पाठवत नाही. कमजोर हृदयाच्या रुग्णांत हा सापडतो. त्यांच्यासाठी प्रत्येक श्वासाला दाब कमी-जास्त करणारं हुशार मशीन निघालं, एएसव्ही. आकडे सुंदर आले, एएचआय जवळजवळ शून्य. २०१५ मध्ये 'सर्व्ह-एचएफ' चाचणीचा निकाल लागला तेव्हा, ज्यांच्या हृदयाची पंपिंग ४५ टक्के किंवा कमी होती अशांत, मशीनच्या गटात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंची जोखीम ३४ टक्क्यांनी जास्त निघाली. नंतरच्या एका चाचणीत नव्या मशीनने असं नुकसान दिसलं नाही, पण आयुष्य वाढलं असंही दिसलं नाही. म्हणून पंपिंग कमी असेल तर इको आणि नीट स्लीप स्टडीशिवाय ऑनलाइन मागवलेलं किंवा नातेवाइकाचं जुनं मशीन लावू नका. कागदावर श्वास सुधारला म्हणजे हृदय सुधारलं असं धरून चालता येत नाही.

मशीनशिवाय

वजनाची गोष्ट मशीनवाले हळू आवाजात सांगतात. २०१४ च्या एका अमेरिकी चाचणीत लठ्ठ रुग्णांचे तीन गट केले: फक्त सी-पॅप, फक्त वजन कमी करणं, आणि दोन्ही. शरीरातल्या दाहाचं माप, इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड फक्त सी-पॅपने हललं नाही. वजन उतरलं तिथे सुधारलं. दोन्ही गोष्टी नेमाने करणाऱ्यांचं बीपी सर्वांत जास्त उतरलं. त्यातून एक गमतीची गोष्ट: नुसतं मशीन लावणाऱ्यांचं वजन सरासरीने थोडं वाढतं. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात खर्च होणाऱ्या कॅलरी वाचतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

जून २०२४ मध्ये तिर्झेपटाइड या इंजेक्शनचा निकाल आला आणि चित्र हललं. लठ्ठपणा आणि मध्यम-तीव्र ॲप्निया असलेल्या ४६९ लोकांत, वर्षभरात वजन सुमारे १८ ते २० टक्के उतरलं आणि एएचआय तासाला २५ ते २९ ने कमी झाला, बीपीही उतरलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ते ॲप्नियासाठी मंजूर केलं. भारतात ते मार्च २०२५ पासून मौंजारो नावाने, मधुमेह आणि वजनासाठी, मिळू लागलं. घशाच्या वाटेपेक्षा चरबीवरच काम करणारं हे पहिलं ॲप्नियाचं औषध, म्हणून हृदयाच्या दृष्टीने मला त्याचं कुतूहल जास्त आहे. पण त्या चाचणीने अटॅक मोजलेले नाहीत. इंजेक्शन महाग आहे, थांबवलं की वजन परत येतं, आणि आपल्याकडे जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही ॲप्निया होतो, त्याला याचा उपयोग नाही.

अशा बारीक माणसाला, किंवा मास्क अजिबात सहन न होणाऱ्याला, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांवर बसवायचं साधन असतं. ते या कामाची माहिती असलेल्या दंतवैद्याकडून बनवून घ्यावं लागतं. त्याने एएचआय सी-पॅपएवढा उतरत नाही, पण बीपीवरचा परिणाम जवळपास सारखा येतो. सिंगापूरमध्ये २२० लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते बीपीच्या बाबतीत सी-पॅपपेक्षा कमी पडलं नाही. कारण सोपं आहे: लोक ते रात्रभर तोंडात ठेवतात.

तास वाढवायचे कसे

सगळा हिशेब शेवटी तासांवर येतो, तर त्याबद्दल थोडं कामाचं. मशीन सोडून देणारे बहुतेक लोक पहिल्या काही आठवड्यांतच सोडतात, आणि कारणं अगदी किरकोळ असतात. नाक चोंदलेलं असतं. त्यावर आधी नाकाचा उपचार करावा. घसा कोरडा पडतो, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावावा. मास्क मापाचा नसतो किंवा मिशीमुळे हवा गळते. दुसऱ्या प्रकारचा मास्क मागावा, नाकपुड्यांत बसणारे छोटे मास्कही मिळतात. गुदमरल्यासारखं वाटतं, दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करावी, आणि झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवण्याची सोय मशीनमध्ये असते ती चालू करावी. वीज जात असेल तर बॅटरी किंवा इन्व्हर्टर. लाज वाटते, विशेषतः नवीन लग्न झालेल्याला. त्याला एवढंच सांगता येतं, की मशीनच्या आवाजापेक्षा तुमच्या घोरण्याचा आवाज कितीतरी मोठा आहे. आणि रात्री लघवीला उठलात तर परत येऊन मास्क लावायचाच. काही आठवड्यांत उठणंही बहुधा कमी होतं.

मशीन किती तास लावलं, हवा किती गळली आणि मशीन लावूनही एएचआय किती राहिला, हे आजची बहुतेक मशीनं आपल्या चिपमध्ये किंवा ॲपमध्ये लिहून ठेवतात. फॉलो-अपला जाताना हा रिपोर्ट न्या. नुसतं "लावतो मी रोज" यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. बीपीचा त्रास असेल तर मशीन सुरू करण्याआधी आणि दोन-तीन महिन्यांनी २४ तासांचं बीपी मोजून घ्या. रात्रीचा उतार परत आला का ते तिथे कळतं, आणि गोळ्या कमी करायच्या की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. वजन दहा-पंधरा किलो उतरलं किंवा चढलं असेल तर जुना दाब चालत नाही, तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो. वजन बरंच उतरलं असेल तर स्लीप स्टडीच पुन्हा करावी, कारण काहींना मशीनची गरज तोवर संपलेली असते.